जुनी स्किड स्टिअर: दोन हंगाम चालवून विकल्यानंतरचा अनुभव

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मी 2019 च्या मॉडेलची, साधारण 60 अश्वशक्तीची एक जुनी स्किड स्टिअर (पुढे बकेट किंवा काटा लावून माल उचलणारा, जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) 9 लाख 25 हजार रुपयांना घेतली आणि कापसाचे दोन हंगाम चालवून सप्टेंबर 2025 मध्ये ती 7 लाख 10 हजारांना विकली. घेताना मीटरवर 3,860 तास होते, देताना 5,610. वणीच्या आसपास दोन जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांत) कापूस, सरकी आणि गाठी हलवण्याचा माझा ठेका आहे. यंत्र घेताना ते किती उचलते, डिझेल किती पिते, ऑपरेटर मिळेल का, हे सगळे मी विचारले होते. विकायची वेळ आली तर घेणार कोण, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात आलाच नव्हता. या लेखात मुख्यतः त्याच प्रश्नाबद्दल लिहायचे आहे.

आमच्याकडे बॅकहो लोडर कोणत्याही कंपनीचा असला तरी तो ‘जेसीबी’ असतो आणि स्किड स्टिअर कोणतीही असली तरी ती ‘बॉबकॅट’. पण दोन्हींचा बाजार सारखा नाही. माझ्या चुलतभावाने त्याच वर्षी आपला जेसीबी विकला तेव्हा चहाच्या टपरीवर बातमी फुटल्यापासून आठव्या दिवशी त्याच्या हातात इसार पडला. विहीर, शेततळे, नाल्याचे खोलीकरण, मुरमाच्या ट्रॉल्या, बांधावरचे झाड असे गावोगाव त्याला काम आहे, आणि तो स्वतःच्या चाकांवर तीस किलोमीटर जाऊन संध्याकाळी परत येतो. स्किड स्टिअरचा वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, त्यामुळे पलीकडच्या गावात न्यायची तरी टेम्पो आणि फळ्या लागतात. मला एका खेपेला तीन हजार मोजावे लागत. पाहायला आलेल्या पहिल्याच दलालाने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हटले, “भाऊ, मशीन चांगली हाये, पन इथं घेईन कोन?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हे यंत्र जन्मले तेच मुळी अडचणीच्या जागेसाठी. 1957 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी टर्की पक्षी पाळणाऱ्या एकाच्या शेडमधली घाण काढण्यासाठी तीन चाकांचा जो छोटा लोडर बनवला, त्यातूनच पुढे ही सगळी जात आली. म्हणून जिथे डोक्यावर छप्पर आहे, दार अरुंद आहे आणि खाली काँक्रीट आहे, तिथेच तिला किंमत आहे. जिनिंग, डाळमिल, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या भातगिरण्या, कुक्कुटपालनाच्या शेड आणि शहरातल्या गल्लीबोळांत सिमेंटचे रस्ते करणारे ठेकेदार, एवढाच काय तो ग्राहक. तालुक्यात असे पाच-सात जण निघतील, आणि त्यांपैकी त्या महिन्यात यंत्र हवे असलेला एखादा निघाला तर निघाला.

कामाबद्दल माझी तक्रार नाही. स्किड स्टिअरची अधिकृत वहनक्षमता ही ती पुढे उलटते त्या भाराच्या निम्मी धरतात. माझ्या यंत्राची ती 800 किलोच्या घरात होती, म्हणजे 170 किलोच्या चार गाठी ती एका वेळी काट्यावर घेऊन शेडमध्ये जागच्या जागी वळत असे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाऱ्यात मात्र ती निरुपयोगी ठरते. एकदा चाकांत माती भरली की ती फक्त जागेवर फिरते. सर्वांत जास्त काळजी रुईच्या तंतूंची घ्यावी लागली. जिनिंगच्या हवेतला तो बारीक भुगा रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो. हंगाम सरता सरता, मार्च-एप्रिलच्या उन्हात, तासा-दीड तासात तापमानाचा काटा वर चढतो, आणि एक्झॉस्टजवळ साचलेली रुई ही तर सरळ आगीची भीती. दिवसातून दोनदा कॉम्प्रेसरने आतून बाहेर हवा मारायची, हा नियम मी ऑपरेटरच्या पगाराशी बांधला होता. आता वाटते की, शेवटी भावात जे काही टिकले, त्यात या सवयीचा वाटा मोठा होता.

कारण ज्याने अखेर यंत्र घेतले, त्याने हिंगणघाटहून स्वतःचा मिस्त्री आणला होता, आणि त्या गृहस्थाने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. आल्या आल्या त्याने इंजिनावर तळहात ठेवला. इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर थंड इंजिन सुरू होताना येणारी अडचण लपवली जाते, म्हणून. मग यंत्र चालू करवून बकेटमध्ये गिट्टी भरायला लावली, बूम (बकेट उचलणारा दांडा) वर नेऊन इंजिन बंद केले आणि बाजूला, बूमखाली नव्हे, उभे राहून पाच मिनिटे बूम किती खाली येते ते पाहत राहिला. चाके फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचे झाकण उघडून त्याने तेलात बोट बुडवले आणि ते पांढऱ्या रुमालावर पुसून उन्हात धरले. धातूच्या कणांची चमक दिसली असती तर व्यवहार तिथेच संपला असता. शेवटी काँक्रीटवर दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकलून यंत्र सरळ पळवले. ते किंचित डावीकडे ओढत होते. मला दोन वर्षांत हे कधी जाणवले नव्हते. एका बाजूचा हायड्रॉलिक पंप किंवा मोटर झिजल्याची ही खूण असते, आणि त्या दोन हात डावीकडच्या ओढीपायी माझे 40 हजार गेले.

दुरुस्तीवर केलेला खर्च किमतीत परत मिळत नाही. मात्र दुरुस्ती केली नाही तर खर्चापेक्षा जास्त कापले जाते. ही यंत्रे घासत घासत वळतात, म्हणून काँक्रीटवर टायर फार लवकर जातात. मी चार टायरांवर 58 हजार, साखळी आणि सीलवर 31 हजार, होस पाइप व इतर कामांवर 27 हजार घातले. ग्राहकाने टायरांबद्दल चकार शब्द काढला नाही. टायर गुळगुळीत असते तर तो नक्कीच बोलला असता.

कागदांच्या बाबतीत मात्र माझी चूक आणि दुसऱ्याची दिरंगाई दोन्ही एकत्र आल्या. मूळ मालकाचे कर्ज फिटले होते, पण आरसी बुकावरचा बोजा उतरवलेला नव्हता, आणि मी घेताना “ते होऊन जाईल” या शब्दावर विश्वास ठेवला. बोजा उतरवण्यासाठीच्या फॉर्म 35 वर फायनान्सवाल्यांची सही-शिक्का मिळवायला मला सहा आठवडे खेटे घालावे लागले. शाखेत गेले की फाइल नागपूरला आणि नागपूरला गेले की शाखेत. तेवढ्यात अकोटचा एक चांगला ग्राहक निघून गेला. तरी माझ्या यंत्राची नोंदणी तरी होती. आवाराबाहेर काढायचीच नाही म्हणून नोंदणीच न केलेली यंत्रे जिनिंगमध्ये मी पाहिली आहेत. विकताना त्यांचा भाव दलाल जवळजवळ भंगाराच्या बाजूने सुरू करतो.

विकण्याच्या वेळेचाही परिणाम मी समजत होतो त्यापेक्षा मोठा निघाला. जूनमध्ये, जिनिंग बंद आणि अंगणात चिखल असताना, याच यंत्राला 5 लाख 75 हजारांची मागणी आली होती. तीन महिने ताडपत्रीखाली ठेवून, आठवड्यातून एकदा इंजिन फिरवत, दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा काढले तेव्हा वर सांगितलेला भाव मिळाला. आणखी एक गोष्ट मदतीला आली. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल 2021 पासून धुराच्या उत्सर्जनावरील नियमांचा चौथा आणि 1 जानेवारी 2025 पासून पाचवा टप्पा लागू झाला, त्यामुळे नवी यंत्रे महागली आणि त्यांत सेन्सर व इलेक्ट्रॉनिक्स वाढले. माझ्या यंत्राचा डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, मेकॅनिकल होता. प्रदूषणाच्या दृष्टीने ते मागासलेले खरे, पण लॅपटॉपशिवाय जवळच्या मिस्त्रीच्या हातून दुरुस्त होणारे यंत्र गावाकडचा ग्राहक आधी निवडतो.

आता हिशेब. किमतीतली घट 2 लाख 15 हजार, चालवलेले तास 1,750. म्हणजे तासाला 123 रुपये, आणि वरची दुरुस्ती धरली तर 189. आमचे हिशेबनीस प्राप्तिकराच्या 15 टक्के दराने घसारा धरतात, पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून निम्मा. त्यानुसार मार्च 2025 अखेर पुस्तकी किंमत 7 लाख 27 हजार निघत होती. बाजार आणि पुस्तक इतके जवळ आले हा योगायोगच म्हणावा लागेल, कारण जूनमध्ये विकले असते तर दीड लाखाचा फरक पडला असता. ओळखीच्या एका डाळमिलवाल्याने 21 लाखांना नवी घेतलेली स्किड स्टिअर चार वर्षांनी, 2,900 तासांवर, 11 लाखांना दिली. म्हणजे तासाला 345 रुपये नुसत्या घटीपोटी. त्यामुळे ज्याचे काम माझ्यासारखे हंगामी आहे, त्याने तीन-चार हजार तास झालेली, नोंदणी केलेली आणि बोजा उतरलेली जुनी घ्यावी असे माझे मत आहे. बारमाही दोन पाळ्यांत चालवणाऱ्या गिरणीचा हिशेब वेगळा असू शकेल.

कापूस उचलण्याचा पंजा मी यंत्रासोबत दिला नाही. ग्राहक त्याचे वेगळे 30 हजारच धरत होता. या यंत्रांची पुढची जोडणी बहुतेक कंपन्यांमध्ये एकाच मापाची असल्याने तो दुसऱ्या कोणत्याही यंत्रालाही बसतो. दिवाळीनंतर मारेगावकडच्या एका जिनिंगवाल्याने तो 82 हजारांना नेला. वरच्या हिशेबात ही रक्कम धरलेली नाही.