परत पाठवायचे 120 रुपये कोणाचे? कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाचा अनुभव

माझं मिरजेत ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी एका मोठ्या साइटवरून मी स्वतःसाठी एक सुती कुर्ता आणि एक टसरची साडी मागवली, वेगवेगळ्या ऑर्डरींत. दोन्ही परत केली. कारणं अगदी वेगळी होती, तरी साइटने दोन्हींना एकच नियम लावला. साइटचं नाव लिहीत नाही, कारण पैसे कापायची हीच पद्धत माझ्या गिऱ्हाइकांनी इतर साइटवरही दाखवली आहे.

डिलिव्हरी वेळेत झाली, पॅकिंग नीट होतं.

कुर्त्यात दोष काहीच नव्हता. कापड चांगलं, शिलाई सरळ, काजं नीट केलेली. रंग मात्र अंगावर घातल्यावर आवडला नाही. किंमत 749 आणि डिलिव्हरीचे 79, असे 828 रुपये भरले होते. परत केल्यावर रिव्हर्स पिकअपचे, म्हणजे माल घरून परत न्यायचे, 120 कापले, डिलिव्हरीचे 79 दिलेच नाहीत आणि 629 रुपये साइटच्या वॉलेटमध्ये टाकले. म्हणजे कुर्ता न वापरता 199 रुपये गेले, भरलेल्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा.

याबद्दल माझी फार तक्रार नाही. नुसतं आवडलं नाही म्हणून वस्तू परत घ्यावीच लागेल, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तिथे दुकानाची पॉलिसी चालते. माझी भाची ब्रिटनमध्ये असते. तिथल्या 2013 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत कारण न सांगता रद्द करता येते आणि येतानाचा साधा डिलिव्हरी खर्चही परत मिळतो. परत पाठवायचा खर्च आधी सांगितलेला असेल तर तो तिथेही गिऱ्हाइकालाच पडतो. आपल्याकडे निदान एवढं आहे, की परत पाठवायला किती खर्च येईल हे विक्रेत्याने स्पष्टपणे आणि सहज सापडेल अशा ठिकाणी सांगायला हवं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये तसं लिहिलेलं आहे. या साइटवर ते 120 रुपये पानाच्या तळाशी असलेल्या पॉलिसीच्या लिंकमध्ये होते. कुर्त्याच्या फोटोशेजारी फक्त ‘इझी रिटर्न’. हे मला पटत नाही. किंमत जिथे ठळक लिहिता, तिथेच हाही आकडा लिहा.

साडीचं प्रकरण मात्र वेगळं. साइटवर ‘प्युअर टसर सिल्क’, किंमत 2,850. घडी उघडताच हाताला शंका आली. टसरला एक खरखरीत, किंचित असमान पोत असतो. ही सगळीकडे सारखीच गुळगुळीत. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं, लेबल नव्हतं, पण नुसत्या तेवढ्यावरून काही ठरत नाही. पदराच्या टोकाला सुटलेला एक धागा काढून जाळला. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळला, प्लास्टिकचा वास आला आणि टोकाला कडक गोळी झाली. पॉलिस्टर.

परतीच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी येते. पहिलंच कारण ‘आवडलं नाही’. माझी बरीच गिऱ्हाइकं घाईत तेच दाबतात. मी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडलं. तरी स्क्रीनवर परतावा 2,730 दिसला, तोही वॉलेटमध्ये. चॅटवर एकच उत्तर: मॅडम, पॉलिसी आहे.

इथे पॉलिसी चालत नाही. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसेल, तर तो परत घ्यायला किंवा भरलेले पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे त्याच 2020 च्या नियमांत आहे. कबूल केलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेल्या मालालाही ते लागू आहे. साइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. मी त्या अधिकाऱ्याला ईमेल केला: साडीच्या पानाचा स्क्रीनशॉट, जळलेल्या धाग्याचा फोटो, बिल. पोच आली. नंतर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओ असेल तर पुरावा म्हणून चांगलाच, पण तो नसेल तर हक्क जातो असं नियमांत कुठेही नाही. तसं मी कळवलं. त्यांनी पुन्हा वॉलेटचाच हट्ट धरला.

मग 1915 ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, क्रमांक दिला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. एवढ्यानेच काम झालं. पूर्ण 2,850 रुपये ज्या खात्यातून गेले होते त्याच खात्यात आले आणि साडी फुकट उचलून नेली. झालं नसतं तर सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले असते. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी आता आधी विचारते, साडी नीट बघितलीस का? एकदा फॉल लागला, ब्लाउजपीस कापला, की साइट परत घेणारच नाही; आणि दहातल्या सातजणी पिशवी न उघडताच माझ्याकडे टाकून जातात.

कापडासाठी कुर्त्याला पाचपैकी चार. साइटच्या परतीच्या सेवेला दोन, तेही पिकअपवाला मुलगा नीट वागला म्हणून. 1915 ला साडेचार. फोन लागायला वेळ लागला, बाकी काही कमी नाही. वॉलेटमधल्या 629 रुपयांना 90 दिवसांची मुदत घातली आहे, हे मला पैसे जमा झाल्यावर कळलं. त्याबद्दल त्या अधिकाऱ्याला वेगळा ईमेल केला आहे. उत्तर आलं की इथेच खाली टाकते.