रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांवरील फार्मासिस्टांचा उजळणी वर्ग : तालुक्याच्या गावातून परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. नागपूरला हृदयाची झडप बदलून आलेले, ऱ्हुमॅटिक तापामुळे झडप आकसलेले, पायाच्या शिरेत गाठ झालेले आणि हृदयाचे ठोके अनियमित पडणारे असे अनेक रुग्ण दर महिन्याला रक्त पातळ ठेवणारी औषधे माझ्याकडून नेतात. अशा औषधोपचारावर फार्मासिस्टांसाठी आखलेला एक उजळणी वर्ग मी नुकताच पूर्ण केला. बहुतेक व्याख्याने मोबाइलवर पाहायची, प्रत्येक प्रकरणानंतर चाचणी द्यायची आणि शेवटी नागपूरला दिवसभर प्रत्यक्ष सराव करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात आणि पुष्कळदा ते केवळ प्रमाणपत्रासाठी केले जातात. हा वर्ग त्या पलीकडचा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

वर्गाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे जुन्या गोळ्यांना, म्हणजे वॉरफॅरिन आणि ॲसिनोकौमॅरॉल यांना, दिलेला भरपूर वेळ. आपल्याकडे ॲसिनोकौमॅरॉल मोठ्या प्रमाणावर लिहिले जाते, तरीही परदेशी साहित्यावर बेतलेल्या अनेक अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेखही नसतो. येथे दोन्ही औषधे शेजारी ठेवून शिकवली आहेत. व्हिटॅमिन के वर अवलंबून असलेले रक्त गोठवणारे घटक २, ७, ९ आणि १० यांची निर्मिती ही औषधे रोखतात. परंतु घटक ७ काही तासांत ओसरतो, तर घटक २ ओसरायला दोन-तीन दिवस लागतात, आणि म्हणून आज डोस बदलला तर त्याचा खरा परिणाम उद्याच्या आयएनआरमध्ये, म्हणजे रक्त किती उशिरा गोठते हे दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्यात, दिसत नाही. कारण असे उलगडून सांगितले, की ‘गोळी वाढवून दोन दिवस झाले, रिपोर्ट तसाच आहे, अजून एक वाढवू का?’ या रुग्णाच्या प्रश्नाला ठामपणे ‘नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही’ असे उत्तर देता येते. बहुतेक आजारांत आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान आणि मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, धातूची झडप असल्यास साधारणपणे २.५ ते ३.५ ठेवतात, हेही आकडा पाठ करण्यापुरते न सांगता, कोणत्या रुग्णाला कोणती मर्यादा आणि का, अशा रीतीने सांगितले आहे.

औषधांच्या परस्परपरिणामांचे प्रकरण मी दोनदा पाहिले. रक्तस्राव झालेला रुग्ण रुग्णालयात पोहोचतो, पण त्या रक्तस्रावाची सुरुवात बहुधा आमच्यासारख्या दुकानाच्या काउंटरवर झालेली असते. ‘भाऊ, गुडघे लय दुखून राह्यले, एखादी गोळी द्या ना,’ असे म्हणणारी बाई चार दिवसांपूर्वी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेऊन गेलेली असू शकते, आणि तिला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिले तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका कितीतरी वाढतो. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल, त्वचेच्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोल ही आपल्या भागात रोज खपणारी औषधे यकृतातील त्याच विकराला (एन्झाइमला) अडवतात जो वॉरफॅरिनचा निचरा करतो, आणि त्यामुळे आयएनआर काही दिवसांत धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. तोंडात लावायच्या मायकोनाझोल जेलचाही असाच परिणाम होतो, याकडे या वर्गाने आवर्जून लक्ष वेधले. वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, परंतु रोज पूर्ण मात्रेत बरेच दिवस घेतल्यास तेही आयएनआर वाढवते, ही पुस्ती जोडण्याची काळजी व्याख्यात्यांनी घेतली.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिनचा भाग मात्र घाईत उरकला आहे, आणि आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. रिफाम्पिसिन सुरू झाले की पुढील एक-दोन आठवड्यांत आयएनआर खाली येतो आणि डोस वाढवावा लागतो, एवढे सांगून व्याख्यान पुढे सरकते. खरी कसोटी उपचार संपल्यावर लागते : रिफाम्पिसिन थांबले की त्याचा प्रभाव दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर आयएनआर वर चढतो, आणि त्याच सुमारास रुग्ण ‘आता बरा झालो’ म्हणून तपासणीला जाणे सोडतो. क्षयरोगाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी दुकानातून, अशी विभागणी असल्यामुळे दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहणारे कोणीच नसते. या एका विषयावर अर्धा तास द्यायला हवा होता.

नागपूरच्या सरावातील एक प्रसंग मात्र पुढे फार उपयोगी पडला. मार्गदर्शकांनी एका सहभागीला रुग्ण केले, त्याच्या हाती १ आणि २ मिग्रॅ. च्या दोन पट्ट्या दिल्या आणि ‘सोमवार ते शुक्रवार २, शनिवार-रविवार ३’ अशी चिठ्ठी दिली. रुग्णाला वाचता येत नाही, असे गृहीत धरायचे होते. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे विचारले की प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी त्यांनी आमच्याकडून ‘काल रात्री कोणती घेतली, ती पट्टी दाखवा,’ असा प्रश्न विचारून घेतला, आणि दोन्ही पट्ट्यांचा पांढरा रंग, सारखा आकार व बारीक अक्षरे रुग्णाच्या नजरेतून पाहायला लावली. तेव्हापासून मी शक्य असेल तेथे डॉक्टरांना फोन करून सगळा डोस १ मिग्रॅ. च्या गोळ्यांत बसवता येईल का, असे विचारतो आणि बहुतेक वेळा ते मान्य करतात.

मूत्रपिंडाच्या कार्याचा हिशेब शिकवणारे प्रकरणही तितकेच चांगले आहे. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र आपल्या रुग्णांना लावून पाहावे. वय ७२, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तात मोजला जाणारा घटक) १.१ अशी शेतमजूर स्त्री घेतली, तर प्रयोगशाळेच्या कागदावर क्रिएटिनिन जवळपास ठीक दिसते; परंतु १४० मधून वय वजा करून वजनाने गुणले, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागले आणि स्त्री म्हणून ०.८५ ने गुणले, तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला सुमारे ३१ मिलि. येतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रिव्हारोक्सॅबॅन हे रक्त पातळ ठेवणारे नवे औषध द्यायचे असल्यास तिला २० नव्हे, १५ मिग्रॅ. द्यावे लागते. याच बाईसाठी ॲपिक्सॅबॅन ही दुसरी नवी गोळी लिहिली असेल तर मात्र डोस कमी करायचा नसतो, कारण त्यासाठी वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी असाव्या लागतात आणि तिच्याकडे एकच आहे. आपल्याकडे ६० किलोंपेक्षा कमी वजनाची माणसे घरोघरी आहेत; केवळ वजन पाहून डोस अर्धा झालेल्या चिठ्ठ्या आल्या तर डॉक्टरांना विचारण्याचा आत्मविश्वास या प्रकरणाने दिला.

नव्या गोळ्या सर्वांना चालत नाहीत, हेही वर्गात निःसंदिग्धपणे सांगितले जाते. धातूच्या झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रान या नव्या औषधाचा प्रयोग २०१२ मध्ये गाठी आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे आधीच थांबवावा लागला. ऱ्हुमॅटिक हृदयरोग आणि अनियमित ठोके असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरील इन्व्हिक्टस चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुन्याच गोळ्या सरस ठरल्या. ‘आयएनआरची कटकट नको, नवी गोळी द्या,’ असा आग्रह धरणाऱ्या तरुण रुग्णाला हे समजावून सांगणे आपले काम आहे.

रिव्हारोक्सॅबॅनची २० मिग्रॅ. ची गोळी उपाशीपोटी घेतल्यास सुमारे दोन-तृतीयांशच शोषली जाते, हे वर्गात सांगितले. परंतु चतुर्थी, एकादशी आणि नवरात्राचे उपवास करणाऱ्या रुग्णाने काय करावे, हे सांगितले नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडू नये आणि दमट हवेपासून जपावी, हे सांगितले; पावसाळ्यात सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत भरून ठेवणाऱ्या घरांचा विचार मात्र त्यात नव्हता. पथ्याच्या बाबतीतही तेच : पालक आणि ब्रोकोली यांचा तक्ता दाखवला, पण आमच्याकडे पावसाळा लागला की तरोटा, अंबाडी, चवळी रोज ताटात येतात आणि दिवाळीनंतर कमी होतात. भाजी बंद करायची नाही, तिचे प्रमाण वर्षभर साधारण सारखे ठेवायचे, हे ऋतूंच्या भाषेत सांगितले तरच ते पोहोचते.

वर्गाचा आराखडा मुळात रुग्णालयातील फार्मासिस्टांसाठी झाला असावा, असे वारंवार जाणवते. ‘लगेच आयएनआर करून घ्या,’ हे वाक्य सारखे येते, पण आमच्या गावातून नमुना यवतमाळला जातो आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. गावोगावी कमरेत टोचली जाणारी वेदनाशामक सुई हा आमच्याकडचा नेहमीचा धोका आहे, कारण रक्त पातळ असताना स्नायूत सुई दिल्यास आत रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. त्यावर वर्गात एक ओळही नाही. एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनची भरलेली सिरिंज २५ अंशांखाली ठेवायची आणि गोठू द्यायची नाही, हे सांगणाऱ्यांनी मे महिन्यात ४५ अंश तापमानात आणि वीज गेलेली असताना ती कशी सांभाळावी, हेही सांगायला हवे होते. झडपेच्या आजाराच्या तरुण स्त्रियांमध्ये गर्भधारणेच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफॅरिन गर्भाला घातक ठरू शकते, हा विषय एका स्लाइडमध्ये आटोपला. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, स्वतः गोळी बंद करू नका, हे त्या स्त्रीला कोणत्या शब्दांत सांगावे याचा सराव व्हायला हवा होता, कारण अनेकदा ती हे प्रथम आम्हालाच सांगते.

व्याख्याने इंग्रजीत आहेत, बोलणे स्पष्ट आहे आणि डिप्लोमा झालेल्या कोणालाही ती समजतील. चित्रफिती उतरवून घेता येत नाहीत, त्यामुळे नेटवर्क सुटले की प्रकरण पहिल्यापासून सुरू करावे लागते; गावाकडच्या सहभागींसाठी त्या उतरवून घेण्याची सोय आयोजकांनी तातडीने करावी. चाचण्या स्मरणशक्तीच्या आहेत, निर्णयाच्या नाहीत. मराठीतून रुग्णांना देण्याजोगी पत्रिका मिळत नाही, म्हणून मी स्वतःच एक तयार केली : काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा हिरड्यांचा किंवा नाकाचा रक्तस्राव, डोक्याला मार, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता दवाखाना, एक वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, आणि कोणत्याही दुकानात दुसरे औषध घेताना ही पत्रिका आधी दाखवावी.

तालुक्याच्या गावी दुकान चालवणाऱ्या फार्मासिस्टांनी हा वर्ग जरूर करावा आणि नागपूरचा सराव चुकवू नये. वेळ कमी असल्यास परस्परपरिणाम आणि मूत्रपिंड ही दोन प्रकरणे आधी पाहावीत. याच विषयाचा पुढचा भाग निघणार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. त्यात क्षयरोग, गरोदरपण आणि उन्हाळ्यातील साठवण यांना स्वतंत्र तास मिळणार असतील, तर त्याची फीही मी भरीन.