कॅन्टर अलॉय: दळावा की लाटावा?

क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या पाच धातूंचा, समप्रमाणातला हा अलॉय (मिश्रधातू) ओतल्यावर लवचिक निघतो, पण मऊ. तुमचा थिसिस याच्यावर असेल तर हे तुम्हाला माहीत आहेच. अडतं ते पुढे. ताकद आणायला पावडरी बॉल मिलमध्ये दळून एसपीएसमध्ये (स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग, म्हणजे विजेने तापवत दाबून पावडर घट्ट करणं) दाबाव्यात, की आर्क मेल्टिंगचं बटण (विजेच्या आर्कने वितळवलेला छोटा गोळा) कोल्ड रोलिंगने, म्हणजे न तापवता, लाटून भट्टीत ठेवावं? मी दोन्ही केलं. पहिलं गाईडच्या आग्रहाने, दुसरं हौसेने.

कडकपणाच्या आकड्यात दळण जिंकतं, हे मान्य. माझा दळलेला नमुना लाटून अॅनील केलेल्याच्या (भट्टीत तापवलेल्याच्या) दुपटीहून कडक आला. आपल्याकडे या वाटेला परंपराही आहे. आयआयटी मद्रासच्या गटाने २००८ मध्ये जस्त असलेला सहा धातूंचा अलॉय असाच दळून केला होता. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळतं १५३८ला. अशी जोडी भट्टीत नांदायची कशी?

दळणावरून माझं मन उडालं ते एका पीकमुळे (आलेखातल्या उंचवट्यामुळे). एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यात) अनोळखी पीक दिसलं आणि महिनाभर मी ते नवा फेज (वेगळ्या रचनेचा भाग) म्हणून मिरवलं. निघालं क्रोमियम कार्बाइड. पावडर भांड्याला चिकटू नये म्हणून टोल्युइन घातलं होतं, त्यात कार्बन; एसपीएसची डाय ग्रॅफाइटची, तिथेही कार्बन; आणि क्रोमियमला तर तो हवाच असतो. मग सेमिनारमध्ये प्रश्न आला, ‘ही ताकद बारीक ग्रेनची (धातूतल्या स्फटिककणांची) की कार्बाइडची?’ मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. त्यात एसपीएसची चकती एवढीशी, टेन्साइल (ताणून तोडायचा) नमुना निघेना. नुसत्या दाबाच्या चाचणीवर भागवलं.

लाटण्यात कष्ट आहेत, पण लपवाछपवी कमी. १२०० अंशांवर दोन दिवस ठेवलेलं बटण मुकाट्याने रोलमधून जातं. पुढे ग्रेन किती मोठे हवेत ते तापमानावर ठरवायचं: ८०० अंशांना तासभर ठेवलं तर साधारण ४ मायक्रॉन, ११५०ला दीडशेच्या आसपास. या दोहोंत यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) जवळपास दुपटीने बदलते, आणि का बदलली ते सांगता येतं. अॅनिलिंग अर्धवट ठेवलं तर आणखी ताकद मिळते, थोडी लवचिकता देऊन.

अॅल्युमिनियम समप्रमाणात असलेला बीसीसी (अणूंच्या घनाच्या मध्यभागी एक अणू असलेली रचना) अलॉय असेल तर माझं ऐकू नका, तो रोलखाली तडकतो. तिथे दळणच बरं. कॅन्टरसारख्या एफसीसीला (घनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू असलेल्या रचनेला) मात्र, माझ्यापुरतं सांगायचं तर, लाटणंच मानवतं.

लाटायचं ठरलं तर मँगनीज थोडं जास्त तोला. ते वाफ होऊन चेंबरच्या भिंतीला बसतं. बटण पाच वेळा तरी उलटून वितळवा, आणि दर वेळी वजन करा.