निळं ४८५ मॉड्यूल: टेबलावर मस्त, लाइनवर टाकण्याआधी सोल्डरिंग आयर्न तापवा

आरएस-४८५ म्हणजे ए आणि बी या दोन तारांच्या लांब केबलवर अनेक यंत्रांनी बोलायची पद्धत. कंट्रोलरला त्या केबलशी जोडणारं, मॅक्स४८५ चिपचं हे छोटं निळं मॉड्यूल वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मीटर-पॅनेलचं काम करणाऱ्या कुणाच्याही ड्रॉवरमध्ये निघेल. किंमत सेव उसळच्या एका प्लेटएवढी. एनर्जी मीटरचं रीडिंग मॉडबसवरून (मास्टर विचारतो, मीटर उत्तर देतो अशी बोली) उचलून कॉम्प्युटरपर्यंत न्यायचं, हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही मॉड्यूल भरपूर वापरली आहेत. चिपबद्दल तक्रार नाही. बोर्डवर करून ठेवलेल्या 'सोयी' नडतात.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे ए आणि बीच्या मध्ये कायमचा बसवलेला १२० ओहमचा रेझिस्टर. माझ्याकडच्या मॉड्यूलवर तो आर७ आहे, अंगावर '१२१' छापलेलं (१२ आणि पुढे एक शून्य). आरएस-४८५च्या केबलला असा रेझिस्टर फक्त दोन टोकांना हवा, मधल्या कुणालाही नको. दोघांचे मिळून ६० ओहम होतात, आणि ५४ ओहमच्या भारावर निदान दीड व्होल्ट द्यायचे हे ड्रायव्हरवरचं, म्हणजे चिपमधल्या सिग्नल पाठवणाऱ्या भागावरचं बंधन. एका लाइनवर आठ मॉड्यूल जशीच्या तशी टाकलीत की भार येतो १५ ओहमवर. सिग्नल दबतो. जवळचा मीटर उत्तर देतो, शेडच्या पलीकडचा लहर लागली तर देतो, आणि मग सगळे मिळून केबलला शिव्या घालतात! सप्लाय बंद करून ए-बीवर मल्टीमीटर लावा. साठच्या आसपास दिसलं तर ठीक. पंधरा-वीस दिसलं तर टोकाची दोन सोडून बाकी सगळ्यांचा आर७ उडवा.

दुसरी गोष्ट बायसची, म्हणजे लाइन शांत असताना ए वर आणि बी खाली ओढून ठेवण्याची. बोर्डवर २० के चे रेझिस्टर आहेत, म्हणजे नावापुरते. लाइनवर कुणी बोलत नसताना ए-बीमध्ये काही मिलीव्होल्टच उरतात. या चिपच्या रिसीव्हरला (ऐकणाऱ्या भागाला) पक्कं कळायला २०० लागतात. मधल्या शांततेत कचरा बाइट येतात ते यामुळे. मी मास्टरपाशी एकाच जागी ५६० ओहमची जोडी (एक ए वर ओढणारा, एक बी खाली ओढणारा) लावते, ५ व्होल्टवर अडीचशेच्या आसपास मिळतात.

डीई पिनही (चिपला लाइनवर बोलायची परवानगी देणारी) १० के ने वर ओढलेली आहे. पॉवर आली की कंट्रोलर जागा होईपर्यंत मॉड्यूल लाइन अडवून बसतं. तो रेझिस्टर काढून खाली ओढणारा लावावा लागतो. इतकी खुडबूड करायची तर तयार मॉड्यूल घेतलं कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा कंट्रोलर वापरणाऱ्यांनी तर हे घेऊच नये. आरओवर (लाइनवर ऐकलेलं कंट्रोलरला देणाऱ्या पिनवर) ५ व्होल्ट येतात आणि त्या बिचाऱ्याची पिन ३.३ ची. त्यासाठी मॅक्स३४८५ घ्या. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या, विजेचा गोंगाट करणाऱ्या ड्राइव्हच्या) शेजारून केबल जात असेल आणि ९६०० बॉडचाच सावकाश वेग चालवायचा असेल तर मी सुटी मॅक्स४८७ घेऊन आपला बोर्ड करते. २५० केबीपीएसपर्यंतच जाते, पण सिग्नलच्या कडा सौम्य आहेत, आणि लाइनवर पडणारा तिचा भार नेहमीच्या पाव असल्याने एका लाइनवर १२८ पर्यंत बसतात.

दांडिया बाजारातल्या घरच्या टेबलावर, दोन मॉड्यूल आणि हातभर वायर एवढ्याच कामाला मात्र हे एकदम झकास. कोरं लावा, चालतं.

आणि ए-बीच्या नावांवर विसंबू नका, मीटर कंपन्या ती उलटसुलट छापतात. उत्तर येत नसेल तर आधी दोन तारा अदलाबदल करून बघा, चिपला काही होत नाही.