ग्रॅच्युइटीचे पैसे: लागतील तेव्हा, वहीत, की फंडात?

तीस-पस्तीस माणसांच्या कारखान्यात ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना द्यायच्या एकरकमी पैशांचा, विषय निघतो तो बहुधा एखादा जुना कारागीर निवृत्तीला टेकला की. मग मालक सीएला विचारतात, "एलआयसीवाले येऊन गेले, भरायचे का पैसे?" पर्याय तीन आहेत. माणूस जाईल तेव्हा खिशातून द्यायचे, दर वर्षी वहीत तरतूद करायची (पैसे न देता पुढचं देणं आत्ताच खर्च म्हणून लिहायचं), किंवा विमा कंपनीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी योजनेत पैसे भरत राहायचे.

आधी आकडा बघू, कारण घोळ तिथेच होतो. हिशेब असा: नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. समजा बेसिक आणि डीए मिळून 26,000 रुपये आणि नोकरी 12 वर्षं. महिन्याचे 26 दिवस धरले की 15 दिवसांचा पगार 15,000, गुणिले 12, म्हणजे 1,80,000. पुढच्या वर्षी तुम्ही त्याला 20 टक्के वाढ दिलीत, पगार 31,200 झाला. आता 15 दिवसांचे 18,000 आणि वर्षं 13, म्हणजे देणं 2,34,000. वर्षभरात बोजा 54,000 रुपयांनी वाढला. बहुतेक मालकांच्या डोक्यात मात्र 18,000च असतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे या वर्षीची वाढ मागच्या बाराही वर्षांना लागते.

म्हणून "जाईल तेव्हा देऊ" हा पर्याय स्वस्त वाटतो, पण तो फक्त उधारीवर आहे. एकाच वर्षी तीन जुनी माणसं गेली की रोकड आटते, आणि ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यावीच लागते. उशीर झाला की वर व्याज. शिवाय कंपनी असाल तर हिशेबात हे चालत नाही. नोकरी झालेल्या वर्षांचं देणं ताळेबंदात दिसायलाच हवं, नाहीतर ऑडिटर अहवालात शेरा मारतो.

दुसरा पर्याय वहीतली तरतूद. इथे लहान कंपन्यांना लेखा मानक 15 मध्ये (कामगारांची देणी हिशेबात कशी दाखवायची त्याच्या नियमांत) एक चांगली सवलत आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. सरासरी 50 पेक्षा कमी माणसं असतील तर अ‍ॅक्च्युअरी (अशा पुढच्या देण्यांचं गणित मांडणारा तज्ज्ञ) न नेमता "आज 31 मार्चला सगळेच गेले तर किती द्यावे लागतील" एवढं काढून तरतूद करता येते. पाच वर्षं न भरलेल्यांनाही त्यात धरा. ग्रॅच्युइटीचा हक्क एरवी पाच वर्षांनी पक्का होतो, त्यामुळे त्यांचा तो अजून व्हायचाय, पण काम तर झालेलं आहे. माणसं 50 किंवा जास्त असतील तर अ‍ॅक्च्युअरी लागतोच. तो पुढची पगारवाढ, सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण आणि सरकारी रोख्यांचा परतावा धरून आजचं मूल्य काढतो. रोख्यांचा परतावा घसरला की तुमचं देणं आपोआप फुगतं आणि तो फरक थेट नफा-तोट्यात येतो.

तरतुदीची अडचण करात आहे. वहीत दाखवलेली ग्रॅच्युइटी आयकरात वजा मिळत नाही. ती त्या वर्षी प्रत्यक्ष देय झालेली असावी लागते किंवा मंजूर फंडात भरलेली. जुन्या कायद्यातलं हे कलम 40ए(7). 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

तिसरा पर्याय इथेच जिंकतो. ट्रस्ट करून, आयकर खात्याची मंजुरी घेऊन फंडात भरलं की त्याच वर्षी वजावट. पण "टॅक्स वाचतो" हे एजंटचं वाक्य अर्धंच खरं आहे: वजावट लवकर मिळते एवढंच, कारण पुढे फंडातून पैसे दिले जातात तेव्हा ती पुन्हा मिळत नाही. नेहमीच्या वार्षिक भरण्याला पगाराच्या 8.33 टक्क्यांची मर्यादा आहे. वरच्या कारागिराच्या बाबतीत ते होतात सुमारे 31,200 रुपये, आणि बोजा वाढला होता 54,000 नी. म्हणजे हप्ता भरला की देणं फिटलं असं नाही. उरलेली तूट ताळेबंदात दाखवावीच लागते. हप्त्यालाच खर्च म्हणून टाकून मोकळे झालेले हिशेब मी पुष्कळ पाहिलेत. आणि फंडात गेलेला पैसा धंद्याला परत येत नाही.

माझं मत विचाराल तर, कॅश क्रेडिट (बँकेची धंद्यासाठीची उचल) कायम काठोकाठ वापरलेलं असेल आणि माणसं तरुण असतील, तर सध्या तरतूदच ठेवा. बँकेला देता त्या व्याजापेक्षा फंडातलं व्याज बहुधा कमीच पडेल. पण पुढच्या पाच-सात वर्षांत निवृत्त होणारे निम्मे असतील आणि धंदा नफ्यात असेल, तर फंड. कामगारांनाही पैसे मालकाच्या खात्याबाहेर असल्याचा भरवसा वाटतो.

आकडा मात्र नव्याने काढा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. बेसिक मुद्दाम लहान ठेवून उरलेलं भत्त्यांत टाकणाऱ्यांचं देणं त्यामुळे वाढलं. मुदतीच्या करारावरच्या माणसाला तर एका वर्षानंतरच हक्क आहे.

असंच दुसरं देणं म्हणजे शिल्लक रजेचे पैसे; त्यांच्यासाठी मी फंडाच्या वाटेला जाणार नाही. मंजूर ग्रॅच्युइटी फंडासारखी कराची सोय रजेला नाही; वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही अट वैध ठरवली. तेव्हा तरतूद करा आणि रजा साठू देऊ नका. कारखान्यात 30 दिवस पुढे नेता येतात, महाराष्ट्रातल्या दुकानं-ऑफिसांत 45 पर्यंत साठवता येतात. तरतुदीला बसण्याआधी रजेचं रजिस्टर तेवढं पूर्ण करून घ्या. बऱ्याच ठिकाणी तेच दिवाळीपासून भरलेलं नसतं.