निसर्ग-साहित्याचे उन्हाळी कला-शिबिर: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

चौथीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने गेल्या मे महिन्यात पुण्याजवळच्या एका कला-शिबिरात भाग घेतला होता. तेथे रंगांच्या तयार बाटल्या नव्हत्या. माती, पाने, बिया, फुले आणि कोळसा यांतूनच सगळे घडवायचे होते. अशा शिबिराविषयीचा अभिप्राय शेवटच्या दिवशीच्या प्रदर्शनात देणे मला पटत नाही, कारण त्या दिवशी सगळेच टवटवीत असते. आता पावसाळा आणि दिवाळी दोन्ही होऊन गेल्यावर घरात काय टिकले आणि मुलीच्या हातात काय उरले, हे पाहून लिहीत आहे.

रंगांचा भाग सर्वांत भक्कम होता. गेरू मुलांनी स्वतः कुटला, वस्त्रगाळ केला आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवला. फाल्गुनात वेचून वाळवलेली पळसाची फुले कोमट पाण्यात भिजवून केशरी-पिवळा रंग काढला. गेरू आणि कोळसा यांची चित्रे आजही पहिल्या दिवसासारखी आहेत, कारण गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि कोळसा हा कार्बनच, त्यामुळे उजेडाने ते उडत नाहीत. हळदीचा पिवळा मात्र खिडकीसमोरच्या भिंतीवर पार फिकट झाला आणि बीटचा गुलाबी तपकिरी पडला. हा त्या पदार्थांचा स्वभावच आहे, म्हणून माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणता रंग उन्हात ठेवू नये, एवढे शिबिरात सांगितले असते तर ती चित्रे आम्ही वहीत जपली असती.

वारली चित्रांसाठी तांदूळ भिजवून वाटले होते आणि बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला केला होता. ज्या कागदावर डिंक कमी पडला, तेथील पांढरी रेघ कागद वाकताच सुटते, ही गोष्ट मुलीच्या आपणहून लक्षात आली. ही चित्रे मूळची लग्नघरच्या भिंतीवरची, सवाशिणींनी काढायची, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, हे ताईंनी मुलांना नीट समजावून सांगितले, याचे मला मोल वाटते. तरीही पालघर जिल्हा इतका जवळ असताना डहाणू किंवा जव्हारकडचा एखादा वारली कलावंत मानधन देऊन बोलवायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

शाडूच्या कामात घाई झाली. मुलांनी केलेले बैल गच्चीवर भर उन्हात वाळवले गेले. माती वाळताना आकसते, आणि बाहेरचा थर आतल्यापेक्षा फार लवकर वाळला की तडे जातात. आमच्या बैलाची शिंगे बेंदराच्या आधीच गळून पडली. सावलीत, वर ओलसर फडके टाकून हळूहळू वाळवायला जागा आणि वेळ ठेवला असता, तर बहुतेक कामे वाचली असती. पानांची गोष्टही अशीच झाली. अर्धवट वाळलेली पाने चिकटवून केलेल्या मोराला आषाढात बुरशी आली, तर वर्तमानपत्रात दाबून, कागद बदलत पूर्ण सुकवलेली पाने अजून उत्तम आहेत. पिंपळाच्या जाळीदार पानांवर तर मी बेहद्द खूश आहे. ती आयोजकांनी आधीच पाण्यात कुजत ठेवली होती, आणि मुलांनी मऊ ब्रशने गर काढून शिरा मोकळ्या केल्या.

माझा खरा आक्षेप गुंजेच्या माळेला आहे. गुंजेच्या बीमध्ये अब्रिन हे अत्यंत तीव्र विष असते. कवच अखंड असेपर्यंत धोका कमी राहतो, पण माळेसाठी बीला सुईने भोक पाडले की ते संरक्षणच निघून जाते, आणि घरात धाकटे मूल असेल तर तोंडात काय जाईल याचा नेम नसतो. आम्ही माळ त्याच दिवशी काढून घेतली आणि आयोजकांना लिहिले. पुढच्या वर्षी चिंचोके वापरू, असे त्यांनी कळवले आहे. लाल-काळ्या रंगाचा मोह कितीही असला तरी लहान मुलांच्या हस्तकलेत गुंज नकोच.

या उणिवा असूनही मी या शिबिराला चांगले म्हणते, ते नंतरच्या महिन्यांत जे घडले त्यामुळे. पावसाळ्यात मुलगी जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून जांभळट ठसे काढू लागली, त्यावर लिंबू पिळले की गुलाबी छटा येते हे तिने शोधले, आणि हळदीत चुना कालवून तांबडा रंग झाल्यावर आजीने तिला पूर्वी घरोघरी कुंकू असेच करत असत हे सांगितले. नवे खडू मागण्याआधी ती आता अंगणात काय मिळते ते पाहते.

पाठवण्याचा विचार असेल तर आयोजकांना दोन गोष्टी आधीच विचाराव्यात: कोणत्या बिया आणि कोणती फुले वापरणार, आणि मातीकाम वाळवायला सावलीची जागा आहे का. सहा वर्षांखालील मुलांना मात्र कुटणे-वाटणे झेपत नाही आणि ती कंटाळतात. त्यांना अजून वर्ष-दोन वर्षे थांबवलेले बरे.