स्ट्रॉबेरीची 'एकावर एक फ्री', चार महिने घेतल्यावर

डिसेंबर ते मार्च आमच्या कोथरूडातल्या घराजवळच्या सुपरमार्केटमधून बेरीच्या ऑफर्स जवळपास दर आठवड्याला घेतल्या, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

पहिल्यांदा १२० ला दोन डबे मिळाले, प्रत्येकी २०० ग्रॅम. वरून लालचुटूक. घरी येऊन डबा उलटा केला तर खालच्या थरातल्या अर्ध्या देठाकडे पांढऱ्याफटक, आणि ऑफरचं भलंमोठं स्टिकर बरोब्बर तिथेच चिकटवलेलं! सासूबाई म्हणाल्या ठेव दोन दिवस, पिकतील. पण हा काय आंबा आहे का, स्ट्रॉबेरी एकदा तोडली की गोडी वाढत नाही, रंग जरा चढतो आणि मऊ पडते, बास. तिसऱ्या दिवशी एकीला राखाडी बुरशी आणि तिला चिकटलेल्या दोघींनाही. चूक माझीपण होती, आणल्या आणल्या धुवून ठेवल्या होत्या. आता खायच्या वेळीच धुते आणि काउंटरवरच डबा उलटा करून बघते, तिथली मुलगी मला बघून हसते, हसू दे.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी मात्र माल खरंच मस्त होता, महाबळेश्वर-पाचगणीकडून भरपूर येत असतो ना तेव्हा. पण मग ऑफर कशाला हवी? १२० ला दोन म्हणजे किलोला ३०० पडले, आणि कोपऱ्यावरचे हातगाडीवाले काका २०० ने देत होते, वर एक चाखायला. शिवाय महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून जीआय (म्हणजे त्या भागाचा खास माल म्हणून अधिकृत ओळख) आहे, तरी ह्यांच्या डब्यावर नुसतं 'फार्म फ्रेश', कुठलं फार्म ते देव जाणे.

ब्लूबेरीच्या ऑफरला मात्र माझा फुल सपोर्ट. १२५ ग्रॅमचा डबा, पेरूचा म्हणजे पेरू देशाचा (मुलगा दोन दिवस पेरूचा वास शोधत होता), एरवी घ्यायची हिंमत होत नाही. वर पांढुरकी झाक असेल तर बिनधास्त घ्या, ती धूळ नाहीये, ताज्या मालाला असतेच. फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात टिकल्या.

मार्चअखेरीस स्ट्रॉबेरीचे चार डबे घेतले, एकदम आंबट आणि लिबलिबीत, परत करायला गेले तर म्हणे ऑफरचा माल रिटर्न होत नाही. शेवटी जॅम केला. सासूबाईंनी साखर हात सोडून घातली, अजून अर्धी बरणी शिल्लक आहे.